शब्बीर अली, ब्रुनो कुतिन्हो आणि गोव्याचा नऊ नंबर

झुआरीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, तो इथे मांडतो.

गोव्याने देशाला फुटबॉल प्रशिक्षक भरपूर दिले. डेरिक परेरा, साव्हियो मदेरा, क्लिफर्ड मिरांडा, डेंपो क्लबाला शिकवलेला समीर नाईक. हे सगळे खेळाडू म्हणून कुठल्या जागेवर खेळले ते आठवून बघा. डेरिक आणि समीर बचावफळीतले, साव्हियो आणि क्लिफर्ड मधल्या फळीतले. आर्मांदो कुलासो यांचं नाव तर प्रशिक्षक म्हणूनच घराघरांत पोचलं. मग आपले गोल मारणारे निवृत्तीनंतर कुठे गेले? संघाच्या बाकावर, हातात पाटी घेऊन, ते का दिसत नाहीत?

या प्रश्नाकडे मी शब्बीर अलींमुळे वळलो. आजच्या पोरांना हे नाव विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शब्बीर अली मूळ हैदराबादचे आणि हाडाचे स्ट्रायकर. 1974 साली बँकॉकला झालेल्या आशियाई युवा स्पर्धेत भारत आणि इराण संयुक्त विजेते ठरले, त्या भारतीय संघाचे कर्णधार शब्बीर अली. त्या वयोगटात आशियाचं अजिंक्यपद भारताला त्याआधी मिळालं नव्हतं आणि नंतर आजपर्यंत मिळालेलं नाही. पुढे मुंबईत टाटा स्पोर्ट्स, मग कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग. भारताच्या मुख्य संघाचंही कर्णधारपद त्यांनी सांभाळलं. 2011 मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू. म्हणजे पुरस्कार यायला खेळणं थांबवून पाव शतक उलटावं लागलं, हे मला अजूनही खटकतं.

पण गोव्यासाठी शब्बीर अलींचं महत्त्व त्यांच्या गोलांमुळे नाही. 1998-99 च्या मोसमात साळगावकर संघाचे प्रशिक्षक ते होते. राष्ट्रीय लीगचं ते तिसरं वर्ष. पहिलं विजेतेपद पंजाबच्या जेसीटीने नेलं होतं, दुसरं मोहन बागानने. तिसरं साळगावकरच्या गावी, वास्कोला आलं! गोव्यातल्या कुठल्याही क्लबाने जिंकलेली ती पहिली राष्ट्रीय लीग. डेंपो आणि चर्चिल या गोव्याच्या दुसऱ्या क्लबांचे झेंडे त्यानंतर लागले. वाट आधी साळगावकरने पाडली आणि त्या संघाच्या बाकावर एक निवृत्त स्ट्रायकर बसला होता.

त्या संघात कोण होतं बघा. ब्रुनो कुतिन्हो, साव्हियो मदेरा, तरुण आल्विटो डिकुन्हा. ब्रुनो 1996 साली देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, भारताचा कर्णधार झाला, पुढे 2001 चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. गोव्याच्या मातीतला असा अस्सल नऊ नंबर, म्हणजे अगदी टोकाला खेळून गोल मारणारा, त्याच्यानंतर मी तरी पाहिला नाही. अशा स्ट्रायकरला प्रशिक्षकही स्ट्रायकरच मिळाला, हा योग त्यानंतर आपल्याकडे फारसा जुळून आला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. बचाव कसा रचायचा, मधली फळी कशी बांधायची, ही विद्या गोव्यात एका पिढीकडून दुसरीकडे नीट पोचली, कारण ती जाणणारे लोक प्रशिक्षक झाले. गोल मारण्याची विद्या मात्र खेळाडूबरोबरच निवृत्त झाली. तुम्हाला काय वाटतं?

तिळकमैदान

ब्रुनोचं नाव काढलंत आणि 1999 चं मडगावचं फातोर्डा मैदान डोळ्यांपुढे उभं राहिलं. सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेची अंतिम फेरी, भारत विरुद्ध बांगलादेश. आम्ही वास्कोहून पोरं पोरं मिळून गेलो होतो. तिकीट होतं, पण जागा अशी कुठे होती? पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलो. भारत 2-0 ने जिंकला. एक गोल ब्रुनोचा, दुसरा भाईचुंगचा. आपल्याच मैदानावर, आपल्याच माणसाने, भारताच्या निळ्या जर्सीत गोल मारायचा, याहून मोठं काय असतं? माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ओळख ना पाळख, त्यांनी मला मिठी मारली होती.

साळगावकर आमच्या गावचा क्लब, त्यामुळे मी पक्षपाती आहे हे मान्य. तरी सांगतो, त्या वर्षीच्या संघात गोमंतकीय पोरं भरलेली होती आणि ती गोव्याबाहेर जाऊन जिंकून येत होती. कोलकात्याचे क्लब म्हणजे त्या काळी देशाचं फुटबॉल. त्यांच्या नाकावर टिच्चून लीग जिंकणं काय चीज होती ते आज सांगून कळायचं नाही.

म्हादई

झुआरीकाठ, प्रश्न चांगला आहे, पण कारण चुकीच्या जागी शोधताय असं मला वाटतं.

स्ट्रायकर प्रशिक्षक झाले नाहीत कारण मुळात स्ट्रायकरच उरले नाहीत. 2004-05 ते 2012-13 ही नऊ वर्षं घ्या. राष्ट्रीय लीग आणि नंतरची आय-लीग मिळून नऊपैकी आठ विजेतेपदं गोव्यात आली. डेंपोची पाच, चर्चिलची दोन, साळगावकरचं एक. मधे फक्त 2005-06 मध्ये महिंद्रा युनायटेडने बाजी मारली. हा गोव्याच्या फुटबॉलचा सुवर्णकाळ.

आता त्या काळात गोल कोण मारत होतं? गोव्याच्या स्पोर्टिंग क्लबाकडे डुडू ओमागबेमी. चर्चिलकडे आधी घानाचा युसुफ याकुबू, मग ओडाफा ओकोली, जो सलग मोसमांत लीगमध्ये सर्वाधिक गोल करत राहिला. डेंपोकडे रँटी मार्टिन्स. रँटीने 2010-11 मध्ये 30 आणि 2011-12 मध्ये 32 गोल केले. डेंपोच्या त्या संघात क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड, महेश गवळी, समीर असे एकाहून एक गोमंतकीय होते, पण टोकाला कोण? रँटी. त्याच्यामागे ब्राझीलचा बेटो. जोआकिम आब्रांचिससारखा आपला फॉरवर्ड त्याच क्लबात होता, भारताकडूनही खेळला, पण मधल्या टोकाची जागा ठरलेली होती.

क्लबांना दोष देता येत नाही. परदेशी खेळाडूंचा कोटा मोजका. तो कुठे खर्च करणार? गोल मारणाऱ्यावरच. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या पोरालाही कळायचं की पुढे जायचं असेल तर विंगर हो, मध्यरक्षक हो, नऊ नंबरची जागा काही तुझी नाही.

झुआरीकाठ (धागाकर्ता)

म्हादई, तुमचे आकडे बरोबर आहेत आणि मुद्दाही जोरकस आहे. आजही तेच दिसतं. रोमिओ फर्नांडिस, ब्रँडन फर्नांडिस, लिस्टन कुलासो, आपला मंदार राव देसाई, ही सगळी आक्रमक पोरं, पण बाजूने येणारी. मंदारला तर एफसी गोवाचे तेव्हाचे प्रशिक्षक लोबेरांनी पुढून मागे नेऊन लेफ्ट बॅक केलं आणि तो तिथे देशातल्या उत्तम बॅकांपैकी एक झाला.

पण परदेशी स्ट्रायकर फक्त आपल्याकडेच आले का? कोलकात्यातही आले. तरी भाईचुंग, विजयन, पुढे सुनील छेत्री असे स्ट्रायकर देशात इतरत्र तयार झालेच ना? विजयन तर काही काळ चर्चिलसाठी खेळलासुद्धा. म्हणून मला वाटतं की कोटा हे अर्धं कारण आहे. उरलेलं अर्धं खालच्या पातळीवर आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला गोलसमोर उभं राहून काय करायचं ते शिकवणारा माणूस गावात आहे का? तिथे मला मोठी पोकळी दिसते.

आणखी एक. 2012-13 ला चर्चिलने आय-लीग जिंकली तेव्हा प्रशिक्षक मारियानो डायस होते आणि तांत्रिक संचालक सुभाष भौमिक. भौमिक कोण? बंगालचे जुने फॉरवर्ड, 1970 च्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवलेल्या भारतीय संघातले. 2003 मध्ये ईस्ट बंगालला आसियान चषक जिंकून देणारे प्रशिक्षकही तेच. म्हणजे गोव्याच्या पहिल्या राष्ट्रीय विजेतेपदामागे हैदराबादचा स्ट्रायकर आणि त्या सुवर्णकाळाच्या शेवटच्या विजेतेपदामागे बंगालचा फॉरवर्ड. दोन्ही बाहेरचे. आपले कुठे आहेत, हाच माझा प्रश्न.

सुरंगी

मी फोंड्याजवळ राहते. फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, पण माझी लेक खेळते, त्यामुळे आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभी असते. तिथे जे बघते ते सांगते, कदाचित तुमच्या चर्चेला उपयोगी पडेल.

आमच्या मैदानावर एक सर येतात. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. गोव्याच्या लीगमध्ये बरीच वर्षं स्ट्रायकर म्हणून खेळले, गुडघ्याने साथ सोडली तेव्हा थांबले. नोकरी सांभाळून मुलांना शिकवतात, पैसे घेत नाहीत.

त्यांचा एक सराव मी नेहमी बघते. मूल गोलकडे पाठ करून उभं. समोरून दुसरं मूल चेंडू देणार. सर या मुलाच्या मागे, गोलच्या बाजूला उभे राहतात आणि हाताची बोटं वर करतात, कधी दोन, कधी चार. चेंडू पायाला लागायच्या आत मुलाने मागे वळून बघायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. चेंडू पायात आल्यावर सांगितलं तर ते धरत नाहीत, परत पहिल्यापासून. सुरुवातीला मुलांची फार तारांबळ उडायची. चेंडूवरून नजर हलवली की चेंडू सुटायचा, आणि नजर चेंडूवर ठेवली की आकडा सांगता यायचा नाही. माझी लेक दोनदा रडत घरी आली. आता ती चेंडू यायच्या आधी दोन वेळा मान वळवते, सवयच लागली आहे. सर म्हणतात, "चेंडू कुठे आहे ते सगळ्यांनाच दिसतं. मागचा माणूस कुठे आहे ते ज्याला माहीत, तो गोल मारतो."

बाकी प्रशिक्षकही मैदानावर असतात, तेही मेहनती आहेत. धावणं, पास देणं, जागा धरणं, सगळं घेतात. पण ही बोटांची गोष्ट त्यांच्यापैकी कुणी घेत नाही.

पाटो पूल

सुरंगीताई, तुमच्या प्रतिसादाने सगळा धागा जमिनीवर आणला. मी गोलरक्षक होतो, क्लब पातळीवर, त्यामुळे तुमच्या सरांचं म्हणणं समोरच्या बाजूने पटवून देऊ शकतो.

आम्हाला भीती कुणाची वाटायची? जोरात मारणाऱ्याची नाही. जोराचा फटका लांबून दिसतो, झेप घ्यायला वेळ मिळतो. भीती वाटायची ती क्रॉस यायच्या आधी दोन पावलं उलट्या दिशेला जाणाऱ्याची. तो मागच्या खांबाकडे निघाला असं दाखवतो, बचावपटू त्याच्याबरोबर सरकतो, आणि हा गर्रकन वळून पुढच्या खांबापाशी हजर. तेवढ्यात क्रॉस येतो. मला हलायलाही वेळ नसतो. ही दोन पावलं पुस्तकात वाचून येत नाहीत. ज्याने आयुष्यभर ती टाकली आहेत तोच सांगू शकतो की कधी टाकायची, कारण पाऊलभर लवकर टाकली तर ऑफसाइड आणि उशिरा टाकली तर चेंडू निघून गेला.

गोलरक्षकांच्या बाबतीत गोव्याचं नशीब चांगलं. ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा माणूस आमच्यापुढे होता. 1983-84 च्या संतोष करंडकात गोव्याने विजेतेपद मिळवलं तेव्हा संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. भारताचे कर्णधार झाले, 1997 चा अर्जुन पुरस्कार, 2022 ला पद्मश्री. आणि निवृत्तीनंतर घरी बसले नाहीत, मुलांच्या फुटबॉल विकासाच्या कामात राहिले. त्यांच्याकडे बघून गोलरक्षक व्हायचं ठरवलेली पोरं माझ्या ओळखीची आहेत. स्ट्रायकर व्हायला निघालेल्या मुलाने कुणाकडे बघायचं?

म्हादई

पाटो पूल, मान्य. कोटा हे पूर्ण उत्तर नाही, हे तुमच्या आणि ताईंच्या प्रतिसादांवरून पटलं.

तरी परदेशी स्ट्रायकरांकडून शिकता येतं हेही लिहून ठेवा. एफसी गोवाचा कोरो, म्हणजे फेरान कोरोमिनास. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, 2017-18 ला 18 गोल, 2018-19 ला 16, दोन्ही वर्षी सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. लोकांना फक्त एवढं माहीत असतं. हा माणूस बार्सिलोना शहरातल्या एस्पान्योल क्लबाचा. 2006 च्या कोपा देल रे या स्पेनच्या चषकाच्या अंतिम सामन्यात त्याचा गोल होता. त्याच वर्षी लीगच्या शेवटच्या दिवशी, भरपाई वेळेत त्याने मारलेल्या गोलमुळे एस्पान्योल खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचला. ते सगळं मागे ठेवून तो फातोर्ड्याला आला तेव्हा तिशी ओलांडलेली होती. वेग आधीसारखा नव्हता, पण योग्य जागी आधीच उभा असायचा. मी त्याचे सामने मैदानात जाऊन पाहिले ते केवळ एवढ्यासाठी. टीव्हीवर चेंडू दिसतो, कोरो दिसत नाही. मैदानात बसलं की कळतं, चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो काय करत असतो.

तिळकमैदान

+1. कोरोला बघायला मीसुद्धा जायचो. असा खेळाडू निवृत्तीनंतर वर्षभर तरी इथल्या मुलांना शिकवायला राहिला असता तर!

मांडवीकाठ

मी प्रशिक्षणाच्या कामात आहे, म्हणून व्यवहाराची बाजू सांगतो. भावनेने प्रश्न सुटणार नाही.

एक, परवाना. आता कुठल्याही अधिकृत संघाला शिकवायचं तर परवाना लागतो. सुरुवात डी परवान्यापासून, मग सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. आयएसएल संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला प्रो परवाना बंधनकारक आहे. प्रत्येक पायरीला फी, रजा, अभ्यास, आणि दोन पायऱ्यांच्या मधे प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव. खेळाडू म्हणून तुमचं नाव कितीही मोठं असलं तरी पायरी चुकत नाही, आणि ते योग्यच आहे. क्लिफर्डने हे सगळं केलं. 2020 च्या सुरुवातीला लोबेरांच्या जागी एफसी गोवाची हंगामी सूत्रं त्याच्याकडे आली, संघाने साखळी फेरीत पहिलं येऊन लीग शील्ड जिंकली आणि त्या जोरावर एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब झाला. 2023 मध्ये त्याने ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. एका रात्रीत घडलेलं नाही हे.

दोन, नोकरी. आपले जुने खेळाडू गोदीत, बँकेत, सरकारी खात्यांत लागलेले. खेळ संपला की पूर्ण वेळ ड्युटी. मध्यरक्षकालाही हीच अडचण, मग स्ट्रायकरच मागे का पडला? माझं निरीक्षण असं की मध्यरक्षक आणि बचावपटू खेळत असतानाच मैदानावर बोलत असतात, ओरडून जागा सांगतात, कर्णधारपद त्यांच्याकडे जातं. क्लबाला ते 'प्रशिक्षक होण्यासारखे' वाटतात. स्ट्रायकर गप्प असतो, त्याला कुणी विचारतच नाही. परवान्याचे वर्गही बहुतांशी संघरचनेवर, चेंडू मागून पुढे कसा न्यायचा यावर भर देतात. शेवटच्या वीस मीटरमध्ये काय करायचं ते त्यात थोडक्यात उरकतात.

तीन, क्लबच राहिले नाहीत. खाण कंपन्यांवर आपले मोठे क्लब उभे होते. 2012 ला खाणी बंद पडल्या, पैसा आटला. पुढे आयएसएल वरची लीग होणार हे स्पष्ट झाल्यावर 2016 मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. प्रत्येक क्लबात मुख्य संघ, वीस वर्षांखालचा संघ, त्याखालचा संघ असे प्रशिक्षक लागायचे. निवृत्त खेळाडूला सामावून घ्यायच्या त्या जागा होत्या, त्याच गेल्या. डेंपो 2024-25 ला आय-लीगमध्ये परतला याचा मला आनंद त्यासाठीच जास्त झाला.

झुआरीकाठ (धागाकर्ता)

मांडवीकाठ, खूप महत्त्वाचं लिहिलंत. विशेषतः स्ट्रायकर गप्प असतो म्हणून त्याला कुणी विचारत नाही, हे. मी या दिशेने विचारच केला नव्हता.

शब्बीर अलींच्या बाबतीत हेच जुळतं बघा. ते युवा संघाचे कर्णधार होते, मुख्य संघाचेही. म्हणजे गोल मारणारा आणि संघाला हाकणारा असा दुहेरी माणूस. त्यांच्याकडे बाकावरची जबाबदारी आपसूक आली असणार. ब्रुनोही भारताचा कर्णधार होता. तेव्हा स्ट्रायकर गप्पच असतो असं धरून चालू नये. गप्प असला तरी त्याच्याकडे सांगण्यासारखं असतं, सुरंगीताईंच्या सरांसारखं.

माझ्या मते तोडगा असा. मुख्य प्रशिक्षक कुणीही असो, प्रत्येक अकादमीने आठवड्यातून दोन दिवस तरी एका निवृत्त स्ट्रायकरला बोलवावं. गोलरक्षकांसाठी वेगळा प्रशिक्षक असतोच ना? एकेकाळी तोही नसायचा. आज लहानशा क्लबातही असतो. मग गोल अडवायला वेगळा गुरू आणि गोल मारायला नको, हे कुठलं गणित?

पाटो पूल

शंभर टक्के! आणि हे दोन दिवस एकत्र ठेवा, गोलरक्षक आणि स्ट्रायकर समोरासमोर. दोघांचंही भलं होईल. गोलरक्षकाच्या समोर सच्चा स्ट्रायकर नसेल तर सरावात तोही आळशी होतो.

सुरंगी

झुआरीकाठ दादा, आमच्या सरांना मी आज हा धागा मोबाईलवर वाचून दाखवला. ते फारसं बोलले नाहीत. शब्बीर अलींचं नाव आल्यावर मात्र थांबवलं आणि म्हणाले, त्या 98-99 च्या साळगावकरचे सामने त्यांनी सोडले नव्हते. आणि एक दुरुस्ती सांगितली. बोटांचा सराव फक्त स्ट्रायकरांसाठी नाही, सगळ्याच मुलांसाठी आहे. पण स्ट्रायकरने तो दुप्पट करावा, कारण त्याच्या मागचा माणूस त्याला पाडायलाच उभा असतो.

मुलींबद्दलही लिहा कुणीतरी. आमच्या मैदानावर गोल मारायला सगळ्यात उत्सुक कोण असेल तर मुली. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही की ही जागा परदेशी खेळाडूची असते.

म्हादई

ताई, हे शेवटचं वाक्य वाचून खूप बरं वाटलं. मी माझ्या भाचीला तुमच्या मैदानावर घेऊन येईन, चालेल ना?

सुरंगी

अवश्य आणा. पावसाळा सुरू व्हायच्या आत आणा, मैदान जांभ्या मातीचं आहे, पहिल्या पावसानंतर महिनाभर पाय रुततात. स्टड असतील तर उत्तम, नसतील तरी चालतं. पाण्याची बाटली मात्र हवी.

भातशेत_नऊ

सभासद जुना आहे, लिहितो आज पहिल्यांदा. मी सत्तरी तालुक्यातला. आमच्या गावात भात कापून झालं की शेतातच गोलचे खांब रोवायचे. तिथे खेळून वर आलो, दुसऱ्या श्रेणीच्या क्लबांत बरीच वर्षं नऊ नंबर घातला. आता पन्नाशीला आलोय. गावातली मुलं अजून त्याच शेतात खेळतात, मी कडेला उभा राहून बघतो. शिकवावंसं वाटतं, पण मला कधी कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

मांडवीकाठ, तुम्ही डी परवान्याचं लिहिलंत. वयाची अट आहे का? शिक्षण दहावीपर्यंत आहे, इंग्रजी बोलता येत नाही, वाचून समजतं. जमेल का?

मांडवीकाठ

जमेल, नक्की जमेल. पन्नाशी म्हणजे काही जास्त नाही, माझ्याबरोबर तुमच्या वयाचे लोक बसलेले आहेत. डी परवान्याचा बराचसा भाग मैदानावर करून दाखवायचा असतो, आणि त्यात तुम्ही आमच्यापेक्षा पुढे असाल. गोवा फुटबॉल संघटनेच्या कार्यालयात जाऊन पुढच्या वर्गाची तारीख विचारा, सोबत ओळखपत्र आणि डॉक्टरचा दाखला तयार ठेवा. फॉर्म भरताना अडलं तर मला व्यक्तिगत निरोप टाका, बसून भरू.

भातशेत_नऊ

सोमवारी जातो. माझ्याबरोबर खेळलेले आणखी दोघे आहेत, एक वाळपईचा, एक साखळीचा. दोघेही पुढच्या फळीतले. त्यांनाही घेऊन येऊ का?

झुआरीकाठ (धागाकर्ता)

तिघेही जा. आणि वर्ग झाला की पहिला सराव कसा गेला ते इथेच लिहा, आम्ही सगळे वाट बघतोय.